कादंबरी लिहायची आणि साहित्यही शिकवायचं, तेही कोकणात राहून: जमतं कसं?

खाडीकाठ
नमस्कार मंडळी. कादंबऱ्या लिहिणाऱ्यानं चरितार्थासाठी साहित्य आणि सर्जनशील लेखन शिकवायचं, ही वाट इंग्रजीत आता रुळलेली आहे. अमेरिकेत आयोवा विद्यापीठाची लेखन कार्यशाळा १९३६ पासून चालू आहे, इंग्लंडात ईस्ट अँग्लिया विद्यापीठाचा अभ्यासक्रम १९७० पासून. तिथे चांगली कादंबरी हीच शिकवणाऱ्याची मोठी पात्रता धरतात. आपल्याकडे तसं नाही. म्हणून विचारतो: एम. ए. मराठी झालेला, एक कादंबरी प्रसिद्ध झालेला आणि दापोली ते सावंतवाडी या पट्ट्यातच राहायचं ठरवलेला कुणी असेल, तर त्यानं काय करावं आणि कोणत्या क्रमानं? शिकवण्यानं लिहिणं जगतं की मरतं? आणि लेखन 'शिकवायचं' म्हणजे तासाला वर्गात प्रत्यक्ष करायचं काय? 'मुंबईला जा' हे उत्तर कृपया नको. नियम, आकडे, पद्धती लिहा. आठवणींसाठी वेगळा धागा काढू.

जांभा
पात्रतेपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहेत.

वरिष्ठ महाविद्यालयात सहायक प्राध्यापक व्हायला एम. ए.ला ५५ टक्के (राखीव प्रवर्गांना ५० टक्के) आणि नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) किंवा सेट (राज्याची पात्रता परीक्षा). १ जुलै २०२३ पासून थेट भरतीसाठी पीएच. डी. सक्तीची नाही, पण मुलाखतीआधीच्या छाननीत तिचे गुण धरतात, त्यामुळे तिचा उपयोग आहेच. महाराष्ट्राची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. पहिला पेपर ५० प्रश्नांचा, १०० गुणांचा. दुसरा मराठीचा, १०० प्रश्न, २०० गुण. चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडायचा नाही. खुल्या प्रवर्गाला किमान ४० टक्के लागतात, पण तेवढे मिळाले की झालं असं नाही. बसलेल्यांपैकी साधारण ६ टक्केच पात्र ठरवतात. लेखक मंडळी बहुतेक पहिल्या पेपरात अडकतात. त्यात तर्क, आकडेवारीचं आकलन, संशोधनपद्धती असते आणि कादंबरी लिहिणाऱ्याला हे सगळं परकं वाटतं. तीन महिने रोज एक तास त्यालाच द्यावा. दुसऱ्या पेपरात भाषाविज्ञान आणि मध्ययुगीन वाङ्मय कच्चं राहतं, कारण लेखकाचं वाचन आधुनिक कादंबरीकडे झुकलेलं असतं.

सुरंगी
जांभा यांच्या माहितीत सिंधुदुर्गासाठी एक भर. पुणे विद्यापीठाची ही सेट महाराष्ट्र आणि गोवा या दोन्ही राज्यांसाठी असते. सावंतवाडी, दोडामार्गवाल्यांना गोवा अगदी शेजारी आणि तिथल्या महाविद्यालयांतही ती चालते, नेट मात्र देशभर चालते. या दोन राज्यांच्या बाहेर अर्ज करायची शक्यता असेल तर नेटच द्या.

पाणंद
पात्रता झाली. जागा कुठे आहेत? रत्नागिरी-सिंधुदुर्गातली महाविद्यालयं मुंबई विद्यापीठाला जोडलेली आहेत. एखाद्या गावच्या कला महाविद्यालयात मराठीच्या मंजूर जागा एक किंवा दोन. ती व्यक्ती निवृत्त होईपर्यंत जागा नाही, निवृत्त झाली तरी ना-हरकत, आरक्षणाची बिंदुनामावली आणि जाहिरात या पायऱ्या पार पडेपर्यंत वर्षं जातात. तोवर तासिका तत्त्व. घेतलेल्या तासांचेच पैसे, सुट्टीचे नाहीत, सत्र संपलं की नेमणूक संपली, आणि रक्कम महिन्याच्या महिन्याला हातात पडेल याची खात्री नाही. कायम सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन सातव्या आयोगात ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं, म्हणजे एकाच स्टाफरूममध्ये एकच काम करणाऱ्या दोघांत केवढं अंतर पडतं ते बघा. कादंबरीकारानं ही वाट धरताना पाच ते आठ वर्षं तासिका तत्त्वावर जातील असं धरूनच घरखर्चाचा हिशेब मांडावा.

माडबन
मग एखाद्या कादंबरीकाराला नेट-सेटशिवाय बोलवायची सोयच नाही का?

जांभा
आहे, कागदावर तरी आहे. यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' ही तरतूद आणली. आपल्या क्षेत्रातला किमान १५ वर्षांचा अनुभव लागतो, पदवीची अट नाही, आणि क्षेत्रांच्या यादीत साहित्याचं नाव स्पष्ट आहे. मंजूर पदांच्या जास्तीत जास्त १० टक्के जागा, आणि मुदत वाढवून कमाल चार वर्षं. मंजूर पदं वीस असतील तर दोन जागा. पण मानधन संस्थेनं स्वतःच्या निधीतून द्यायचं तर लहान गावची संस्था ते पेलणार कशी? मानद स्वरूपातही नेमता येतं. तरुण लेखकाचा पाया म्हणून या तरतुदीकडे बघू नये. नाव झालेल्या, दुसरीकडून पोट भरणाऱ्या लेखकाला चार वर्षं वर्गात आणायची ती सोय आहे.

घाटावरची
शिकवण्यानं लिहिणं जगतं की मरतं, या प्रश्नावर माझं मत ठाम आहे: साहित्य शिकवण्यानं मरतं. वर्षानुवर्षं वर्गात 'या कादंबरीचं आशयसूत्र सांगा' असं विचारणारा माणूस स्वतःची कादंबरी आशयसूत्रापासून सुरू करतो. आधी 'विस्थापन' हा विषय ठरतो, मग त्यासाठी माणसं शोधली जातात. अशी पात्रं पहिल्या पानापासून उत्तरपत्रिकेसारखी बोलतात. दुसरा विषय शिकवणारे लेखक बघा. रंगनाथ पठारे भौतिकशास्त्र शिकवत, श्याम मनोहरही भौतिकशास्त्राचेच. कोकणातले श्री. ना. पेंडसे तर बेस्टमध्ये नोकरीला होते, तिथेच राहून त्यांनी दापोलीचा मुलूख कादंबरीत उभा केला.

खाडीकाठ
पण मग भालचंद्र नेमाडे? आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, गोवा विद्यापीठात, नंतर मुंबई विद्यापीठात तौलनिक साहित्यात. विंदा करंदीकर देवगड तालुक्यातले, तेही इंग्रजीचे प्राध्यापक.

घाटावरची
दोघांनी शिकवलेली भाषा आणि लिहिलेली भाषा वेगळी आहे, हे लक्षात घ्या. वर्गातलं विश्लेषण इंग्रजीत राहतं, घरची भाषा कोरी राहते. मराठी लिहिणाऱ्यानं मराठीच शिकवायचं, हाच अवघड प्रकार आहे.

कुळागर
घाटावरची ताई, निदान बरोबर, पण दोष विषयाचा नाही, प्रश्नपत्रिकेचा आहे. तीच कादंबरी 'आशयसूत्र काय' म्हणून न शिकवता 'हे प्रकरण इथेच का संपलं' म्हणून शिकवली तर तोच तास लेखकाला उपयोगी पडतो. एक पान फळ्यावर घ्यायचं. निवेदकाला काय माहीत आहे आणि काय नाही, याच्या दोन याद्या करायच्या. मग त्याच पानातला प्रसंग दुसऱ्या पात्राच्या बाजूनं २०० शब्दांत लिहायला लावायचा. कथनदृष्टी म्हणजे काय हे व्याख्येपेक्षा यातून जास्त कळतं, आणि विद्यार्थी परीक्षेतही नीट लिहितो, कारण त्याच्याकडे पाठ केलेल्या वाक्यांऐवजी स्वतः पाहिलेलं काहीतरी असतं.

सुरंगी
कुळागर यांना पूर्ण अनुमोदन. आता तिसऱ्या प्रश्नाकडे येते, लेखनाच्या वर्गाकडे.

नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात कौशल्याचे दोन श्रेयांकांचे (क्रेडिटचे) अभ्यासक्रम आले आणि अनेक ठिकाणी लेखनाला त्यातूनच जागा मिळाली. एक श्रेयांक म्हणजे १५ तास व्याख्यान किंवा ३० तास प्रात्यक्षिक. लेखन प्रात्यक्षिक म्हणूनच मागा, म्हणजे दोन श्रेयांकांचे ६० तास मिळतात. व्याख्यान म्हणून घेतलं तर ३० तासांत 'लेखन म्हणजे काय' एवढंच सांगून होतं.

६० तास म्हणजे १५ आठवडे, दर आठवड्याला ४ तास. २० विद्यार्थ्यांची तुकडी धरा. चर्चेला एका लेखनाला ४० मिनिटं लागतात, त्याहून कमीत नुसतं 'छान आहे' एवढंच होतं. चार लेखनं म्हणजे १६० मिनिटं. उरलेल्या ८० मिनिटांत जागच्या जागी सराव. आठवड्याला चौघं, म्हणजे वीस जणांची एक फेरी पाच आठवड्यांत. प्रत्येकाच्या दोन फेऱ्या व्हायलाच हव्यात, कारण पहिल्या फेरीचं दुरुस्त केलेलं दुसऱ्या फेरीत दिसतं. दहा आठवडे तिथे गेले, सुरुवातीचे पाच पायाभरणीला.

पायाभरणीत पहिला आठवडा नुसत्या नोंदींचा. मिरकरवाड्याच्या जेटीवरचा लिलाव किंवा दाभोळ-धोपावे फेरीबोटीचा एक फेरा, १५० शब्द, विशेषणं शून्य. दुसरा आठवडा संवादाचा. तिसऱ्यात एकच प्रसंग आधी घडत असताना आणि मग वीस वर्षांनी आठवताना. चौथ्यात माणूस न दाखवता त्याची खोली. पाचव्यात दुसऱ्यानं लिहिलेल्या पानाची काटछाट: ४०० शब्दांचे २५०, अर्थ न सांडता. हा शेवटचा सराव सगळ्यात जड जातो आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडतो.

चर्चेच्या दोन दिवस आधी प्रती सगळ्यांच्या हातात हव्यात. १५०० शब्दांची मर्यादा कडक ठेवा. चार लेखनं म्हणजे ६००० शब्द, आणि समासात नोंदी करत वाचायचं तर शिकवणाऱ्याचे तीन तास जातात. हे तीन तास कुठल्याच कार्यभारात धरले जात नाहीत.

माडबन
साठ विद्यार्थी असले तर?

सुरंगी
तर हा वर्ग होत नाही. साठ जणांची एक फेरी पंधरा आठवडे खाते आणि प्रत्येकाची पाळी एकदाच येते. तुकड्या पाडून मागा. प्राचार्यांना प्रात्यक्षिकाच्या तुकडीचा नियम दाखवा, विज्ञानाच्या प्रयोगशाळेला जो लागतो तोच.

पाणंद
चर्चा कशी घ्यायची यावर लिहा कुणीतरी. बहुतेक वर्ग तिथेच फसतात. पहिला विद्यार्थी म्हणतो 'मनाला भिडलं', दुसरा म्हणतो 'संदेश चांगला आहे', आणि चाळीस मिनिटं तशीच जातात.

कुळागर
'संदेश' हा शब्द चर्चेत बंद करायचा. क्रम असा ठेवायचा: पहिली दहा मिनिटं फक्त वर्णन. या पानावर काय घडतं, कोण बोलतं, किती वेळ जातो. मत नाही. वर्णनातच फरक निघतात. अर्ध्या वर्गाला आजी वारलेली वाटते आणि अर्ध्याला वाटत नाही, आणि लेखकाला तिथल्या तिथे कळतं की वाक्य कुठे पुसट झालं. पुढची पंधरा मिनिटं 'वाचताना कुठे अडलो', ओळ दाखवून. मग प्रश्न. उपाय सुचवायला शेवटची पाचच मिनिटं, कारण सुचवलेले उपाय बहुतेक सुचवणाऱ्याच्या स्वतःच्या कथेचे असतात. या सगळ्यात लेखकानं गप्प बसायचं. आयोवाच्या पद्धतीत हेच मुख्य. लेखक समजावायला लागला की वर्ग पान वाचायचं सोडून लेखकाचं ऐकायला लागतो.

उंडीणीची_पालवी
लेखकानं गप्प बसायचं हा नियम कोकणातल्या वर्गात जसाच्या तसा लावू नये. घरी मालवणी, संगमेश्वरी किंवा कातकरी बोलणारी मुलगी पहिल्यांदा स्वतःच्या बोलीत पान लिहून आणते. चाळीस मिनिटं ती गप्प, आणि बाकीचे 'हे शुद्ध मराठीत हवं होतं' म्हणतात. दुसऱ्या फेरीला ती पुस्तकी मराठीत लिहून आणते, आणि पान मेलेलं असतं. आधी लेखकानं स्वतः दोन प्रश्न मांडावेत: 'मला हे विचारायचं आहे.' चर्चा त्यांच्यापासून सुरू करावी आणि भाषेच्या शुद्धतेवर बोलायला पूर्ण बंदी. व्याकरणाच्या चुका शिकवणाऱ्यानं समासात वेगळ्या शाईनं दाखवाव्यात, त्यांच्यावर चर्चा नको.

कुळागर
पटलं. दोन प्रश्नांची पद्धत माझ्या क्रमात पहिल्या दहा मिनिटांनंतर बसवता येईल. आधी वर्णन, मग लेखकाचे प्रश्न.

जांभा
बोलीचा विषय निघालाच आहे तर कादंबरी छापताना काय बिघडतं तेही सांगतो. मालवणीत 'काम केलां' मधला शेवटचा अनुस्वार नपुंसकलिंग दाखवतो. प्रूफ तपासणारा त्याला टंकाची चूक समजतो आणि उडवतो. 'खंय', 'हंय', 'थंय' एका प्रकरणात असे आणि पुढच्यात 'खय', 'हय' होतात. उपाय एकच: हस्तलिखिताबरोबर दोन पानांची शब्दसूची जोडायची. बोलीतले शे-दीडशे शब्द ज्या रूपात हवेत त्या रूपात, आणि वर ठळक सूचना की ही रूपं बदलू नयेत. दुसरं, मजकूर युनिकोडमधून जुन्या टंकात नेताना 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' मोडतात. 'दुसऱ्या', 'ऱ्हास' हे शब्द शोधून तपासा, एका ठिकाणी मोडलं असेल तर सगळीकडे मोडलेलं असतं.

सुरंगी
आणि तळटीपा नकोत. 'माका' म्हणजे मला, हे तिसऱ्या वाक्याला वाचकाला आपोआप कळतं.

तांडेल
बोलीइतकंच पाण्याचं भान हवं. किनाऱ्यावरच्या कादंबरीत भरती-ओहोटी चुकली की इथला वाचक पुस्तक मिटतो. हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीची पाऊणपट तीन, म्हणून भरती तीनच्या सुमाराला, दुपारी आणि पहाटेही. अष्टमीला सहा, म्हणजे दुपारी बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या सुमाराला आणि उधाणाची. हा मुंबईचा ठोकताळा, दक्षिणेकडे रत्नागिरी-मालवणला पाणी थोडं आधी चढतं. आता पौर्णिमेच्या मध्यरात्री नायक-नायिका ओसरलेल्या ओल्या वाळूवर लांबवर चालत गेली, असं कुणी लिहिलं तर ती दोघं पाण्यात आहेत. त्यांना अष्टमीला पाठवा, किंवा पौर्णिमेलाच सूर्यास्ताला.

यांत्रिक नौका १ जून ते ३१ जुलै बंद असतात. जुलैत ट्रॉलर मासे घेऊन येत असेल तर ते प्रकरण नियमभंगाचं आहे, आणि तसंच लिहायला हवं.

माडबन
कितीतरी कादंबऱ्यांतली जोडपी बुडाली म्हणायची आज! :-)

उंडीणीची_पालवी
तांडेलदादांचा हिशेब सरळ वर्गात वापरता येतो. प्रत्येकाला एक तिथी आणि एक वेळ चिठ्ठीवर द्यायची, त्या वेळी खाडीच्या तोंडाशी काय दिसेल ते २०० शब्दांत. पाणी चुकलं तर पान परत. याला जोडून आंब्याचं: मोहोर नोव्हेंबरपासून, फळ तयार व्हायला त्यानंतर साडेतीन-चार महिने. तारीख दिली की झाडावर काय असेल ते लेखकाला सांगता आलंच पाहिजे. असे दोन सराव झाले की विद्यार्थी 'निसर्गरम्य' लिहायचं आपोआप बंद करतो.

पाणंद
एक नाजूक मुद्दा. कोकणातले विद्यार्थी लिहितात ते देवस्कीच्या वादावर, मानपानावर, भावकीतल्या जमिनीच्या हिश्शांवर. गाव लहान. नाव बदलून भागत नाही, कारण वाडी, मानकऱ्याचा मान आणि घराची दिशा एवढ्यावरून माणूस ओळखला जातो. किमान या तिन्ही गोष्टी बदला, असं पहिल्याच आठवड्यात सांगावं. आणि शिकवणाऱ्या कादंबरीकारानं विद्यार्थ्याच्या पानातला प्रसंग, वाक्प्रयोग, कुठलीही गोष्ट स्वतःच्या कादंबरीत वापरायची नाही. हे तोंडी न ठेवता अभ्यासक्रमाच्या कागदावर लिहून द्यावं. विश्वास गेला की त्या गावात तो वर्ग पुन्हा भरत नाही.

घाटावरची
हे फार महत्त्वाचं. आणि गुण कसे देणार? प्रतिभेला गुण देणं मला मान्य नाही.

सुरंगी
प्रतिभेला द्यायचेच नाहीत. पन्नास गुण असतील तर नोंदवहीला १५, पहिला खर्डा आणि तिसरा खर्डा यांतल्या बदलाला २०, दुसऱ्यांच्या लेखनावर लिहून दिलेल्या प्रतिसादांना १०, तोंडी परीक्षेला ५. अंतर्गत-बाह्य विभागणी विद्यापीठाच्या चौकटीत बसवून घ्यावी लागते, पण तत्त्व हेच. तिन्ही खर्डे तारखेसह जमा करून घ्या. नुसता अंतिम खर्डा मागितला की कुणाकडून तरी लिहून आणलेलं पान येतं. खर्डे असले की ते लगेच उघडं पडतं.

जांभा
बढतीचा मुद्दा राहिला. २०१८ च्या यूजीसी नियमावलीतल्या तक्त्यात भाषा विषयांसाठी मान्यताप्राप्त नियतकालिकातल्या शोधनिबंधाला १० गुण, राष्ट्रीय प्रकाशकाच्या ग्रंथाला १०, आंतरराष्ट्रीय प्रकाशकाच्या ग्रंथाला १२, संपादित ग्रंथातल्या प्रकरणाला ५, अनुवादित पुस्तकाला ८. कादंबरीसाठी वेगळी ओळ नाही. 'ग्रंथ' या ओळीत ती धरायची की नाही हे छाननी समितीवर जातं, आणि चार वर्षांचं काम एका शोधनिबंधाइतकं मोजलं गेलं तरी ते सुदैव. ही चौकट चुकीची आहे. ती बदलेपर्यंत कादंबरीकारानं आपल्याच कामातून निबंध काढावेत: मालवणी संवादलेखनाचा प्रश्न, कोकणातल्या कादंबरीतला खोत. वाचन झालेलंच असतं. आणि अनुवाद. एक चांगला अनुवाद गद्याचा हात वळता ठेवतो आणि ८ गुणही देतो.

माडबन
कादंबरीवरच जगता येणार नाही का मग?

कुळागर
हिशेब मांडू. आवृत्ती ५०० प्रतींची, किंमत ३५० रुपये, मानधन १० टक्के. सगळ्या प्रती खपल्या तर १७,५०० रुपये, आणि खपायला दोन-तीन वर्षं सहज जातात. करारात दहा टक्के कशावर ते बघा. छापील किमतीवर असतील तर प्रतीमागे ३५ रुपये. 'निव्वळ विक्री'वर असतील आणि पुस्तक ४० टक्के सवलतीनं गेलं तर २१० वर १० टक्के, म्हणजे २१ रुपये. एका शब्दानं ५०० प्रतींमागे ७,००० रुपये जातात.

करारात मुदत लिहून घ्या. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क हस्तांतराची मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत. अनुवाद, नाट्यरूपांतर, चित्रपट, श्राव्य आवृत्ती हे हक्क वेगवेगळे ठेवा, 'सर्व हक्क' या दोन शब्दांत देऊन टाकू नका. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात ८० क्यूक्यूबी कलमाखाली साहित्यकृतीच्या मानधनावर तीन लाखांपर्यंत वजावट होती, तीही जुन्या करप्रणालीतच. नवी प्रणाली निवडलेल्या नोकरदार लेखकाला ती मिळत नाही, हे अनेकांना विवरणपत्र भरताना कळतं.

पहिली कादंबरी असेल तर साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना बघा. वय ३५ च्या आत असेल तर साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार आहे, ५०,००० रुपयांचा. शासकीय ग्रंथालय यादीसाठी प्रकाशकानं वेळेत प्रती पाठवल्या का, हे लेखकानं स्वतः विचारावं. यादीत नसलेलं पुस्तक गावोगावच्या वाचनालयांत पोचायला फार कष्ट पडतात, आणि कोकणात कादंबरीचा मोठा वाचक वाचनालयातच आहे. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ पासूनचं आहे, ती परंपरा अजून जिवंत आहे.

खाडीकाठ
फार मोलाची माहिती मिळाली. आता पुन्हा मूळ प्रश्नावर येतो. पात्रता, वर्ग, करार सगळं कळलं. पण कायम नोकरी मिळालीच, तर लिहायला वेळ कुठून काढायचा? वर्षाचा आराखडा कुणी मांडेल का?

पाणंद
मांडतो. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन, महाविद्यालयात एकूण ४० तास. त्यात नॅकचे (महाविद्यालयाच्या मूल्यांकनाचे) कागद, परीक्षा, समित्या. लेखनाच्या वर्गाचं घरचं वाचन तीन तास वेगळं. संध्याकाळी डोक्यात दुसऱ्यांची वाक्यं असतात, म्हणून स्वतःचं लेखन सकाळी, साडेपाच ते साडेसात. ८०,००० शब्दांची कादंबरी रोज ५०० शब्दांनी १६० दिवसांची आहे. जून ते ऑक्टोबरच्या सत्रात आठवड्याला चार सकाळी धरल्या तर जेमतेम ८० दिवस होतात, म्हणजे अर्धा खर्डा. दिवाळीच्या सुट्टीत नवं लिहू नये, लिहिलेलं सलग वाचावं, कारण एवढी सलग वेळ एरवी मिळत नाही. नोव्हेंबर ते मार्च उरलेला अर्धा. एप्रिल उत्तरपत्रिकांचा, त्यात लिहायचा हट्ट धरला तर दोन्ही बिघडतं. मे महिना दुसऱ्या खर्ड्याचा. दुसरं वर्ष पूर्ण दुरुस्तीला. म्हणजे दोन-अडीच वर्षांत एक कादंबरी, आणि हा वेग वाईट नाही. मधेच दिवाळी अंकासाठी कथा मागितली तर ती जून-जुलैत द्यावी लागते, नेमक्या नव्या सत्राच्या सुरुवातीला. वर्षाला एकच कथा कबूल करावी.

घाटावरची
या आराखड्यात एक बदल सुचवते. ज्या महिन्यांत नवा खर्डा चालू आहे त्या महिन्यांत शिकवायला जुनं वाङ्मय मागून घ्यावं: महानुभाव गद्य, बखर, संतकाव्य. समकालीन कादंबरीचा पेपर दुसऱ्या सत्रात, दुरुस्तीच्या काळात. जुन्या गद्याची वाक्यं कानात राहिली तर नुकसान होत नाही, उलट क्रियापदं सुधारतात. समकालीन कादंबरीकाराचा सूर मात्र नकळत उतरतो. विभागात दोघं असतील तर ही वाटणी सहज होते. मराठीच शिकवायची असेल तर ती अशी शिकवावी, एवढं मी माझ्या आधीच्या मतात दुरुस्त करते.

खाडीकाठ
शेवटचं विचारतो. खर्डा वाचायला द्यायचा कुणाला?

कुळागर
विद्यार्थ्यांना नाही, त्यांना नाही म्हणता येत नाही. विभागातल्या सहकाऱ्याला नाही, उद्या तोच छाननीत असतो. दोन वाचक पुरे: एक त्या गावातला, पुस्तकं वाचणारा पण न लिहिणारा, आणि एक कोकण कधीच न पाहिलेला. पहिला चुका सांगतो, दुसरा कुठे काही कळलं नाही ते. दोघांना छापील प्रत द्यायची, रुंद समासाची, आणि सहा आठवडे फोन करायचा नाही.

तांडेल
तिसरा वाचक पाण्यासाठी हवा असेल तर इथे निरोप टाका. तिथ्या आणि वेळा तेवढ्या वेगळ्या कागदावर लिहून पाठवा, तपासून देतो.